लेखकु, कर्ता आणि करविता : यंत्रलिखित संहितेच्या निमित्ताने

१

‘लेखक’ हा शब्द मराठीत आज ज्या अर्थाने रूढ आहे, तो अर्थ तुलनेने अर्वाचीन आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींच्या अखेरीस कालनिर्देशाची जी नोंद आढळते, तिच्यात शके १२१२ (इ. स. १२९०) या वर्षी ज्ञानेश्वरांनी टीका केली आणि सच्चिदानंदबाबा तिचे ‘लेखकु’ झाले, असे दोन स्वतंत्र उल्लेख आहेत. टीका करणारा एक, आणि ती लिहून घेणारा दुसरा. प्रवरेकाठच्या नेवाशात उच्चारली गेलेली वाणी ज्या हाताने लिपिबद्ध केली, त्या हातालाच त्या काळची मराठी ‘लेखकु’ म्हणत होती. ज्याला आज लेखक म्हटले जाते, तो त्या व्यवस्थेत ‘कर्ता’ होता. पुढे कागद, छापखाना, ग्रंथव्यवहार आणि स्वामित्वहक्क यांच्या प्रभावाने या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीत विलीन झाल्या, आणि हा विलय इतका पूर्ण झाला की मुळात त्या दोन होत्या याचेही विस्मरण पडले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सार्वजनिक वापरासाठी खुले झाले आणि ही जोडी पुन्हा सुटी झाली. सूचना देणारा एक, आणि वाक्ये मांडणारे दुसरेच काही, अशी स्थिती आली. या घटनेकडे मराठी साहित्यव्यवहाराने प्रथम कुतूहलाने, मग भयाने आणि आता बहुधा एक प्रकारच्या निमूटपणाने पाहिले आहे. लेख, परीक्षणे, प्रस्तावना, भाषांतरे, शोधनिबंध यांत यंत्राचे साहाय्य घेतले जाते. मात्र ते कोठे आणि किती घेतले, हे क्वचितच सांगितले जाते. परिणामी चर्चा ‘वापरावे की वापरू नये’ या द्वंद्वात अडकून पडते. हे द्वंद्व फलदायी नाही. जबाबदार वापर म्हणजे काय हे ठरविण्याचा निकष कोणता, हा खरा प्रश्न आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याशी निगडित अशा काही ग्रंथांच्या निर्मितिप्रक्रियेत या प्रश्नाचे काही अंशी उत्तर दडलेले आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

सध्या जो निकष सर्वाधिक प्रचलित आहे, तो प्रमाणाचा. मजकुरात यंत्राचा वाटा किती टक्के, असा तो प्रश्न असतो. जानेवारी २०२४ मध्ये जपानमधील अकुतागावा पारितोषिक मिळविणाऱ्या रिए कुदान यांनी आपल्या कादंबरीचा सुमारे पाच टक्के मजकूर यंत्रनिर्मित असल्याचे सांगितले, तेव्हा जगभर चर्चा झाली ती या ‘पाच’ या आकड्याचीच. त्या कादंबरीत पात्रे यंत्राशी संवाद करतात आणि यंत्राचे उत्तर हा कथनाचाच एक घटक आहे, ही वाङ्मयदृष्ट्या अधिक महत्त्वाची बाब मागे पडली.

आपल्याकडील विद्यापीठीय व्यवहारातही हाच आकड्यांचा मोह दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यप्रतिबंधक विनियमांत सारखेपणाचे स्तर टक्केवारीने आखले आहेत. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे आणि त्यापुढे चढत्या क्रमाने दंड सांगितला आहे. उचलेगिरीच्या बाबतीत अशा मोजमापाला काही अर्थ होता. कारण उचललेल्या मजकुराला मूळ असते आणि मुळाशी ताडून पाहता येते. यंत्रनिर्मित मजकुराच्या बाबतीत ही ताडणी मुळातच निकामी ठरते. प्रशिक्षणासाठी पुरविलेल्या अफाट मजकुरातून शब्दसाहचर्याच्या संभाव्यता आत्मसात करून यंत्र प्रत्येक वेळी पुढचा शब्दखंड निवडीत जाते. म्हणून त्याचे वाक्य कोणत्याही एका वाक्यासारखे सहसा नसते. ते असंख्य वाक्यांच्या सरासरीसारखे असते. साम्य शून्य टक्के असूनही लेखन सर्वस्वी उसने असू शकते, ही स्थिती त्या विनियमांच्या आखणीत गृहीतच धरलेली नाही.

प्रमाणाचा निकष आणखी एका कारणाने अपुरा आहे. एखाद्या संशोधकाने जुन्या नियतकालिकांच्या शेकडो पृष्ठांची सूची यंत्राकडून करून घेतली आणि प्रत्येक नोंद मुळाशी पडताळली, तर यंत्राचा वाटा मोठा असूनही काम प्रामाणिक आहे. उलट दुसऱ्याने यंत्राने सुचविलेला एकच संदर्भ न पाहता तळटीपेत घातला, तर वाटा नगण्य असूनही काम भ्रष्ट आहे. तेव्हा किती, या प्रश्नापूर्वी कशासाठी, कोणाच्या पडताळणीने आणि कोणाच्या नावावर, हे प्रश्न येतात.

३

नेवाशाच्या उदाहरणाकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे लागते. त्या अखेरच्या नोंदीचे वैशिष्ट्य असे की, ती लिहून घेणाऱ्या हाताला अदृश्य करीत नाही. ग्रंथ ज्ञानेश्वरांचा आहे याविषयी तिच्यात संदिग्धता नाही, आणि तो लिहिण्याचे श्रम दुसऱ्याचे आहेत हेही ती लपवीत नाही. श्रमविभागणीची ही उघड नोंद हेच पुष्पिकेचे एक महत्त्वाचे कार्य होय. हस्तलिखित परंपरेत लिपिकार आपले नाव, स्थळ, काळ सांगतो, चुकभूल पदरी घेतो आणि वाचकाकडे क्षमा मागतो. या औपचारिक वाटणाऱ्या मजकुरात एक करार असतो : येथवर जे आले आहे, ते कोणाच्या हातून आले आहे, हे वाचकाला कळले पाहिजे.

मात्र यावरून ‘यंत्र म्हणजे आजचे सच्चिदानंदबाबा’ असे समीकरण मांडणे, जे अलीकडे उत्साहाने मांडले जाते, ते स्वीकारता येत नाही. सच्चिदानंदबाबा हे केवळ लेखणीचे विस्तारित रूप नव्हते. ते श्रोते होते. त्या सभेत उपस्थित राहून, अर्थ ग्रहण करून ते लिहीत होते. ऐकण्यात चूक झाली असती, तर ती त्यांची चूक ठरली असती, आणि तिची लाज त्यांना वाटू शकली असती. यंत्राच्या ठिकाणी उपस्थिती नाही, श्रवण नाही आणि लाजही नाही. म्हणून पुष्पिकेतील पहिली अर्धी गोष्ट, म्हणजे साहाय्याचा उघड उल्लेख, आजही अनुकरणीय आहे; पण दुसरी अर्धी, म्हणजे साहाय्यकाला लेखनातील सहभागी म्हणून मान देणे, ही यंत्राच्या बाबतीत अप्रस्तुत आहे. यंत्राचा उल्लेख साधन म्हणून व्हावा, सहलेखक म्हणून नव्हे. ज्याला दोष देता येत नाही, त्याला श्रेयही देता येत नाही.

४

गोदाकाठच्या सराळ्याचे म्हाइंभट यांचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या, अशा अनुयायांकडे जाऊन म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या. नागदेवाचार्यांच्या साक्षीने त्या पडताळल्या आणि त्यांतून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुढे मूळ प्रत धाडीत नष्ट झाली, तेव्हा निरनिराळ्या अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा केला, आणि त्या त्या व्यक्तींच्या नावांनी ओळखले जाणारे पाठ निर्माण झाले. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेल्या संपादनामागे याच पाठांच्या तौलनिक अभ्यासाची तपश्चर्या आहे.

या परंपरेने दोन आठवणींत विसंगती दिसली असता त्यांची सरासरी काढली नाही. कोणाची आठवण कोणती, हे तिने जपले. मराठी गद्याच्या आरंभीच अशी एक ज्ञानव्यवस्था उभी राहिली की जिच्यात विधानाचे मूल्य त्याच्या सफाईवर अवलंबून नव्हते, साक्षीवर अवलंबून होते. भाषिक यंत्राची प्रवृत्ती नेमकी याच्या विरुद्ध दिशेने जाते. मतभेद, पाठभेद, संदिग्धता यांना घोटून ते एक गुळगुळीत, आत्मविश्वासपूर्ण आणि अनामिक निवेदन तयार करते. एखाद्या वादग्रस्त कालनिश्चितीविषयी विचारले असता ते बहुधा उत्तर देते. कोणी, कशाच्या आधारे आणि कोणाच्या विरोधात तसे म्हटले, हे सांगताना मात्र ते पुष्कळदा अडखळते, किंवा आधार रचून देते.

असा रचलेला आधार, न लिहिलेले ग्रंथ, न रचलेल्या ओव्या यांना इंग्रजीच्या अनुकरणाने ‘भास’ किंवा ‘भ्रम’ म्हणण्याची रीत पडली आहे. मराठी पाठचिकित्सेजवळ याहून नेमका शब्द आहे : प्रक्षेप. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अशाच घुसलेल्या आणि विकृत झालेल्या पाठांच्या निवारणासाठी, आणि यापुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी घालू नये, असा कठोर इशाराही प्रतीच्या शेवटी दिला. तथापि जुना प्रक्षेप आणि यंत्राचा प्रक्षेप यांत एक मूलभूत भेद आहे. जुन्या प्रक्षेपकाला हेतू असे : भक्ती असे, संप्रदायाभिमान असे, कधी केवळ हौस असे. त्यामुळे त्याचा माग काढता येतो. प्रतींचा वंशवृक्ष मांडून तो कोणत्या शाखेत शिरला, हे दाखविता येते. यंत्राच्या प्रक्षेपाला हेतू नाही आणि वंशवृक्षही नाही. तो एका प्रश्नाच्या उत्तरात जन्मतो आणि एखाद्या प्रबंधात, मग त्या प्रबंधाचा आधार घेणाऱ्या दुसऱ्या लेखात स्थायिक होतो. पुढे तोच मजकूर नव्या यंत्राच्या प्रशिक्षणात गेला, की प्रक्षेप हाच पाठ होऊन बसतो. एकनाथांना निदान जुन्या प्रती समोर ठेवून तोलता आल्या. उद्याच्या संपादकापुढे तोलायला काय असेल, ही चिंता अतिशयोक्तीची म्हणता येणार नाही.

५

यंत्राचा दुसरा परिणाम भाषेच्या पोतावर होतो, आणि त्याची चर्चा मराठीत व्हावी तितकी झालेली नाही. या यंत्रांच्या प्रशिक्षणसामग्रीत इंग्रजीचे वर्चस्व आहे. मराठीचा वाटा त्या मानाने अत्यल्प. जो आहे, तो प्रामुख्याने वृत्तपत्रे, संकेतस्थळे, विश्वकोशीय लेखन आणि शासकीय मजकूर यांतून आलेला, म्हणजे प्रमाण मराठीचा. त्यातही देवनागरी शब्दाचे यंत्रात सामान्यतः इंग्रजी शब्दापेक्षा अधिक तुकडे पडतात. सारांश, यंत्राची मराठी ही छापील, प्रमाण आणि पुष्कळदा इंग्रजी वाक्यबंधाच्या साच्यात ओतलेली मराठी असते. भाषिणीसारखे शासकीय उपक्रम आणि भारतीय भाषांसाठी चाललेले संशोधनकार्य यांनी ही दरी काही प्रमाणात कमी होईल. परंतु ज्या बोली मुळात छापल्याच गेल्या नाहीत, त्या यंत्रात येणार कोठून?

या संदर्भात दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) पुन्हा वाचावयास हवे. अकोले तालुक्यातील धामणगावात जन्मलेल्या पवारांनी या आत्मकथनासाठी जी रचना योजली, ती प्रस्तुत विषयाच्या गाभ्याला भिडते. येथे सांगतो तो दगडू मारुती पवार, आणि ऐकतो तो सुशिक्षित, प्रतिष्ठित ‘दया पवार’. एकाच व्यक्तीची ही दोन नावे. पण संहितेत ती कर्ता आणि लेखकु अशी विभागली जातात. दगडूजवळ अनुभव आहे, गावाची आणि महारवाड्याची बोली आहे, जखम आहे. दयाजवळ लेखणी आहे, प्रमाण भाषेत मिळविलेले स्थान आहे आणि त्या स्थानाची अपराधी जाणीवही आहे. ‘बलुतं’ची सारी अस्वस्थता या दोघांमधल्या फटीतून येते. दगडूचे शब्द दयाच्या हाताखाली गेल्यावर किती उरतात, हा प्रश्न ही संहिता सतत जागता ठेवते.

आता अशी कल्पना करावी की दगडूचे कथन एखाद्या यंत्रापुढे ठेवले आणि ‘भाषा सुधारून द्यावी’ अशी सूचना केली. यंत्र ती सूचना विनम्रपणे पाळील. बोलीची रूपे प्रमाण होतील, तुटक वाक्ये जुळतील, आडदांड शब्दांच्या जागी सभ्य शब्द येतील. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे पाहिला असता समर्थनीय वाटेल. एकत्रितपणे मात्र दगडू नाहीसा झालेला असेल. मानवी दयाला दगडूची लाज वाटत होती आणि त्या लाजेची लाजही वाटत होती; म्हणून फट राहिली आणि वाङ्मय घडले. यंत्राला फट ठेवता येत नाही, कारण फट म्हणजे काय हे त्याला जाणवत नाही. आज ग्रामीण आणि दलित-आदिवासी पार्श्वभूमीतून येणारा नवा लेखक आपले लेखन प्रकाशनयोग्य व्हावे म्हणून यंत्राकडे वळतो, तेव्हा त्याला हवी असलेली मदत खरी असते, हे नाकारता येत नाही. पूर्वी ही मदत न मिळाल्याने किती हस्तलिखिते संपादकांच्या टेबलावरून परत गेली असतील! परंतु या मदतीची किंमत त्याच्या बोलीने चुकवावी लागते, आणि ती किंमत त्याला सांगितली जात नाही.

सांधा उघडा ठेवण्याचे आणखी एक उदाहरण अहमदनगरातच सापडते. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे या शहरात गेली. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनाने (१९१९) आरंभीच्या काही अध्यायांवर थांबले. पुढील बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर अखेरची पूर्तता पुत्र देवदत्त यांनी केली. कोठवर टिळकांचे आणि कोठून लक्ष्मीबाईंचे, हे वाचकांना ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनी पतीची शैली उसनी घेऊन सांधा बुजविला असता, तर एक अखंड ग्रंथ मिळाला असता. पण ज्या स्त्रीला औपचारिक शिक्षण लाभले नाही, तिने महाकाव्याचा भार उचलला, ही वाङ्मयेतिहासातील घटना आपण गमावून बसलो असतो. सांधा दिसणे हे येथे उणेपणाचे लक्षण नाही; ते इतिहासाचे साधन आहे.

६

या विवेचनावर सैद्धान्तिक आक्षेप येऊ शकतो, तो असा : रोलाँ बार्थ यांनी १९६८ च्या सुमारास लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, संहिता ही अवतरणांची वीण आहे असे सांगितले, मग त्या विणीचे काम यंत्राने केले तर बिघडले कोठे? साक्ष, सही, कर्तृत्व यांचा आग्रह हा रोमँटिक लेखकसंकल्पनेकडे परतण्याचा प्रयत्न नव्हे काय?

हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु बार्थ यांनी लेखकाला बाजूला केले ते वाचकाच्या मुक्तीसाठी, अर्थाच्या एकाधिकाराविरुद्ध. यंत्राने अर्थाचा एकाधिकार संपत नाही. तो मूठभर कंपन्यांच्या हाती जातो, आणि वाचकाला त्या विणीतील एकही धागा ओळखता येत नाही. शिवाय मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये मांडलेला मुद्दा येथे विसरता येत नाही : लेखनाला खऱ्या अर्थाने लेखक लाभले, ते लेखनाबद्दल शिक्षा होऊ लागली तेव्हा. लेखक हे प्रतिभेचे नाव असण्यापूर्वी जबाबदारीचे नाव होते. यंत्राला शिक्षा करता येत नाही. म्हणून लेखककार्य त्याच्या ठिकाणी संभवत नाही. लेखक मरू शकेल, जबाबदार मनुष्य मरून चालणार नाही.

भारतीय कायद्यानेही, काहीशा अनपेक्षितपणे, याच दिशेने पाऊल टाकले आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीविषयी कलम २(घ)(६) समाविष्ट झाले. अशा कृतीचा ‘लेखक’ म्हणजे ती कृती निर्माण व्हावयास कारण होणारी व्यक्ती, अशी ही व्याख्या. ती करताना आजची यंत्रे कोणाच्या स्वप्नातही नव्हती, आणि केवळ सूचना देणारा मनुष्य या व्याख्येत बसतो की नाही, हा प्रश्न वादाचा आहे. तरी त्या व्याख्येला मराठीत एक शब्द सहज सापडतो : करविता. ‘कर्ता-करविता’ हा जोडशब्द आपण ईश्वरासाठी राखून ठेवला आहे. पण यंत्रयुगात करविता हा मनुष्यच आहे. यंत्र लिहिते, असे म्हणून त्याला सुटका करून घेता येणार नाही. करवून घेणाऱ्याला कर्त्याचे श्रेय पूर्णांशाने मिळेलच असे नाही, पण दायित्व मात्र पूर्णांशाने त्याच्याकडेच राहते. श्रेय आणि दायित्व यांतील ही विषमता मान्य करणे, हाच जबाबदार वापराचा पाया होय.

७

यावरून लेखकाच्या दैनंदिन व्यवहारासाठी काही दंडक निघतात. सूची, शोध, जुन्या छापील मजकुराचे टंकरूप, भाषांतराचा कच्चा आराखडा अशा कामांत यंत्र घ्यावे. परंतु ज्या विधानाला लेखक स्वतः साक्षी नाही, ते यंत्राच्या साक्षीवर छापू नये, कारण यंत्र साक्षीदार नाही. बोलीतील, दुसऱ्याच्या तोंडचा मजकूर सुधारणेसाठी यंत्रापुढे ठेवताना मूळ रूप जपावे, आणि प्रत्येक बदल स्वीकारण्यापूर्वी तो कोणाच्या वतीने होतो आहे, हे विचारावे. आणि ग्रंथाच्या शेवटी एक पुष्पिका असावी : यंत्राचे साहाय्य कोठे, कशासाठी घेतले, आणि पडताळणी कोणी केली. ही नोंद माफीनाम्यासारखी नसावी, सच्चिदानंदबाबांच्या नोंदीसारखी असावी, म्हणजे सरळ आणि निःसंकोच.

एक गोष्ट मात्र दंडकांनी सुटणारी नाही. लेखनिक, मुद्रितशोधक, भाषांतरकार, सूचिकार ही मराठी साहित्यव्यवहारातील ‘लेखकुं’ची कामे यंत्राकडे सर्वांत आधी जात आहेत. ही कामे अल्प मोबदल्याची होती हे खरे. पण पुष्कळांनी मराठी शिकली ती याच कामांत, दुसऱ्याचे वाक्य हाताने उतरवीत. नेवाशाला जो लिहून घेत होता, तो लिहिता लिहिता ऐकतही होता. ऐकणाऱ्यांची ही पिढी नाहीशी झाली, तर पुढचे कर्ते कोठून येणार, हा प्रश्न यंत्राला विचारण्यासारखा नाही. तो विद्यापीठांच्या मराठी विभागांनी, प्रकाशकांनी आणि संपादकांनी स्वतःला विचारावयाचा आहे.